काठाला नव्हे, पोटाला

डिसेंबर लागला की चाकणच्या सकाळीला एक वेगळाच वास येतो. धुक्याचा, डिझेलचा आणि कंपनीच्या बसथांब्यापाशी कुणी ना कुणी पेटवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. त्या शेकोटीभोवती आम्ही पहिल्या शिफ्टच्या बाया हात पसरून उभ्या असतो. युनिफॉर्मवर स्वेटर, स्वेटरवर शाल, डब्याची पिशवी काखेत. गावाकडं, जिंतूरच्या बाजूला, याच दिवसांत हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात, तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडायचे दिवस. इथं मोसम ओळखायचा तो शेकोटीवरून. आणि यंदा आणखी एका गोष्टीवरून : आमच्या एका खोलीच्या घरात सकाळ-संध्याकाळ घुमणाऱ्या प्रश्नांवरून.

माझी श्रावणी सातवीत आहे. तिच्या शाळेनं विज्ञान प्रश्नमंजूषेसाठी दोघींची टीम निवडली, त्यातली ती एक. तेव्हापासून ती दात घासताना ग्रह म्हणते, वेणी घालून घेताना ग्रंथी म्हणते. मी भाकरी थापत असते आणि माझ्या मागं आतडं किती लांब, प्रकाश किती वेगात, असं चाललेलं असतं. खरं सांगू? मला ते भजनासारखं वाटतं. अर्थ कळो न कळो, घरात चाललेलं बरं वाटतं.

तर त्या दिवशी ती गाईडमधून वाचत होती. ''पुढीलपैकी कोणती वस्तू चुंबकाकडे आकर्षित होईल? अ, काचेची गोटी. ब, तांब्याची तार. क, स्टीलचा चमचा. ड, लाकडी पट्टी. उत्तर, क.''

माझा हात तव्यावरच थांबला.

''परत वाच.''

तिनं वाचलं. तेच. गोटी, तार, चमचा, पट्टी. पर्यायांचा क्रमसुद्धा तोच. वीस वर्षं झाली असतील. एवढ्या वर्षांत गावात नळ आला, मी तिथून निघून इथं आले, माझं लग्न झालं, लेकरू झालं, आणि हा प्रश्न जसाच्या तसा एका गाईडमधून दुसऱ्या गाईडमध्ये उतरत उतरत माझ्या चुलीपर्यंत पोचला. चूल म्हणजे गॅस, पण बोलण्यात चूलच येते.

''उत्तर चूक आहे,'' मी म्हणाले.

''छापलंय आई.''

''छापलेलं चुकत नाही का?''

''गाईड आहे ते, मोबाईलवरचा मेसेज नाही. आणि तुझी भाकरी जळतीये.''

भाकरी जळाली होती, हे खरं.

माझी माय भांडेवाली. डोक्यावर टोपलं, टोपल्यात स्टीलची भांडी, आणि गावोगाव फिरून जुन्या कपड्यांवर भांडं द्यायचं. दोन साड्या आणि एक पँट दिली की डबा, असा हिशोब दारात घासाघीस करून ठरायचा. तिच्या कमरेला एक चुंबक असायचं. फुटक्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेलं, मध्ये भोक असलेलं काळं कडं, त्याला लाल दोरा. नवीन माल घेताना ती प्रत्येक भांड्याला ते लावून बघायची. चिकटलं की बाजूला. ''हे हलकं. वर्षभरात डाग धरतंय.'' चिकटलं नाही की घ्यायचं. आणि लावायचं कुठं, तेही ठरलेलं.

''काठाला नको लावू गं, पोटाला लाव. वळवल्या जागी चांगलं स्टीलबी जरा ओढतंय. भांड्याचं खरं पोटाला कळतंय.''

मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून भांड्यांच्या पोटाला चुंबक लावत आले. अक्षरं नंतर आली.

सातवीत असताना आमच्या शाळेतल्या कदम सरांनी तालुक्याच्या विज्ञान प्रश्नमंजूषेसाठी मला आणि माझ्या बाकावरच्या सुलभाला निवडलं. सर शाळा सुटल्यावर तासभर थांबायचे. प्रश्न विचारायचे आणि बरोबर आलं की खिशातनं एक शेंगदाणा काढून द्यायचे. एकच. ''दोन दिले तर खाण्यात लक्ष जाईल,'' म्हणायचे. त्या थंडीत माझ्या दप्तराला शेंगदाण्यांच्या फोलपटांचा वास लागला होता. आजही कंपनीच्या कँटीनला पोह्यात शेंगदाणा लागला की जिभेवर आधी विज्ञान येतं. कदम सरांचे उपकार मी विसरणार नाही. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणी गैरसमज करून घेऊ नये, म्हणून हे आधीच सांगते.

जानेवारीत स्पर्धा झाली. तालुक्याच्या शाळेच्या पटांगणात मंडप. टेबलावर निळं कापड, त्यामागं तीन परीक्षक, प्रत्येकापुढं पाण्याचा पेला. मी स्वेटर काढून सरांकडं दिला होता, कारण त्याची बाही उसवलेली होती. थंडीनं कुडकुडत का होईना, पण नीट दिसावं म्हणून. शेवटच्या फेरीत आमची टीम आणि तालुक्याची टीम बरोबरीत होती. जिंकणारे जिल्ह्याला जाणार होते. परभणी मी तोवर बघितलीसुद्धा नव्हती.

आणि मग गोटी, तार, चमचा, पट्टी.

''कोणतीच नाही सर,'' मी म्हणाले.

''नीट विचार कर. स्टील कशापासून बनतं?''

''लोखंडापासून.''

''मग?''

''पण चांगलं स्टील चिकटत नाही सर. आमची माय भांडे विकते. आम्ही रोज लावून बघतो.''

मंडप हसला. परीक्षकही हसले. ''म्हणजे आता तुझ्या आईला बोलावून उत्तर विचारायचं का?'' मग अजून मोठ्यांदा हसू. ''चूक. पुढची टीम.''

पुढच्या टीमनं क सांगितलं. ते परभणीला गेले.

मला त्या हसण्याचं एवढं नाही. मला आठवतात ते कदम सर. पहिल्या रांगेत बसले होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझा स्वेटर मांडीवर घेतला आणि घडी घातली. परत उलगडला, परत घडी घातली.

परतीच्या एस.टी.ची वाट बघताना त्यांनी आम्हाला भजी खाऊ घातली. सुलभा पाणी आणायला गेली तेव्हा हळूच म्हणाले, ''तुझं उत्तर बरोबर होतं बाळ. निदान चूक तरी नव्हतं.''

''मग तुम्ही बोलला का नाही सर?''

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, ''परीक्षकांचा निर्णय अंतिम असतो.''

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. स्टीलचा पेला, त्यावर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'द्वितीय'. घरी गेल्यावर मायनं तो हातात घेतला, उजेडात फिरवला, आणि सवयीनं कमरेचं चुंबक काढून पोटाला लावलं.

टक्क.

माय आधी माझ्याकडं बघत राहिली, मग हसत सुटली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ''अगं माय! बक्षीस देणाऱ्यालाच कुणीतरी फसवलं की गं!'' मग मीही हसले. त्या क्षणी मला सगळं लख्ख कळलं होतं. त्यांचं स्टील चिकटत होतं, आमचं चिकटत नव्हतं, आणि मंडप त्यांचा होता.

माझी शाळा त्या प्रश्नामुळं सुटली असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ऐकायला बरं वाटेल, पण खोटं होईल. शाळा आठवीनंतर सुटली, कारण मायचे गुडघे गेले आणि टोपलं कुणीतरी उचलायला हवं होतं. मी उचललं. चार वर्षं गावं फिरले. मग लग्न, मग चाकण. माय गेली त्याला आता सहा वर्षं झाली. तिचं चुंबक माझ्या किल्ल्यांना अडकवलेलं असतं. पेला मांडणीवर असतो.

इथं आल्यावर मी ज्या कंपनीत कंत्राटावर लागले, तिथं गाड्यांच्या सायलेन्सरचे पाइप बनतात. मला तपासणीला बसवलं. आमच्या लाइनवर प्रत्येक जागेच्या वर एक पिवळी दोरी आहे. मालात काही चूक दिसली की ती ओढायची. लाल दिवा लागतो, एक गाणं वाजतं, आणि अख्खी लाइन थांबते. कुणीही ओढू शकतं. साहेब असो की कंत्राटी बाई, दोरीला फरक पडत नाही. पहिल्या दिवशी हे समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं, हे नुसतं सांगायला असेल. आठवी झालेल्या बाईनं ओढली आणि दीडशे माणसं थांबली, असं कुठं असतं का?

तिसऱ्या महिन्यात माझ्या हाताखालून पाइप जात होते आणि मला त्यांचा रंग वेगळा वाटला. आमच्याकडं दोन जातींचं स्टील येतं, एक चुंबकाला चिकटणारं, एक न चिकटणारं. त्या लाइनला चिकटणारं लागतं. मी गुपचूप किल्ल्या काढल्या. पाच पाइप चिकटले. सहावा नाही. सातवा नाही.

दोरीकडं बघितलं. चुकलं तर? नाव फळ्यावर लागतं, कंत्राट महिन्याचं असतं. मी देवाचं नाव घेतलं आणि ओढली.

सुपरवायझर गायकवाड भाऊ धावत आले. इथलेच, मूळ गावातले. ''ताई, दोरी म्हंजी काय झोका हाय का? काय झालं?''

''माल मिसळलाय भाऊ.''

''कशावरनं?''

मी मायचं चुंबक दाखवलं. त्यांनी ते हातात घेतलं, लाल दोऱ्याकडं बघितलं, मग स्वतः चार पाइपांना लावून बघितलं. तोंडातनं एकच शब्द आला. ''व्हय की!''

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. वेगळे पाइप लाल पेटीत गेले, दिवा विझला, लाइन चालू झाली. जेवणाच्या सुट्टीत मी मुतारीत जाऊन रडले. इतकी साधी गोष्ट होती ती. दोरी ओढली, माणूस आला, बघितलं, खरं निघालं. मंडपात अशी एक दोरी असती तर!

पुढं इथंच मला हेही कळलं की मायचं पूर्ण बरोबर नव्हतं. काही हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, त्यात दुसरा धातू घातलेला असतो. आणि चिकटणारं सगळंच वाईट नसतं, आमचे पाइपच बघा. हे कळलं तेव्हा मी जरा खट्टू झाले. मग वाटलं, मायला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, ''बरं झालं सांगितलंस, उद्यापासून अजून एक बघावं लागंल.'' ती काही गाईड नव्हती.

श्रावणीला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकलं आणि विचारलं, ''मग मी काय सांगायचं? शाळेनं हाच प्रश्नसंच दिलाय. यातलेच प्रश्न येणार.''

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? खरं सांग म्हणावं, तर तिचे दहा गुण जातील आणि ती माझ्यासारखी मंडपाला हसवून परत येईल. क सांग म्हणावं, तर मग मी वीस वर्षं कशावर चिडून आहे? आठवडाभर मला झोप लागली नाही. मी घाबरट आहे, कबूल करते. शेवटी म्हणाले, ''तुला पटेल ते सांग.'' ते उत्तर नव्हतंच. मीसुद्धा स्वेटरची घडी घालत होते.

स्पर्धा रविवारी ताथवड्याला एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. आमच्याकडं औद्योगिक सुट्टी गुरुवारची, म्हणून मी गायकवाड भाऊंकडून रविवार मागून घेतला. ''जावा ताई, पोरीला म्हणावं, आमच्या लाइनचं नाव काढ.'' हॉल बघून मी दारातच चप्पल काढायला निघाले होते. श्रावणीनं डोळे वटारले. पिंपळे सौदागरच्या शाळांची पोरं कोट-टाय घालून आलेली, त्यांच्या आया फोनवर इंग्रजीत बोलत होत्या. कोपऱ्यात एका सरकारी शाळेची टीम. तेल लावून घट्ट वेण्या, लाल रिबिनी. त्यातली एक सारखी हाताचे तळवे फ्रॉकला पुसत होती.

प्रश्न विचारणारा तरुण होता, कानाला माइक लावलेला. पाचवी, शेवटची फेरी. श्रावणीची टीम चौथ्या नंबरावर होती. आणि त्यानं सरकारी शाळेच्या टीमला विचारलं : गोटी, तार, चमचा, पट्टी.

तळवे पुसणारी पोरगी उभी राहिली. ''सर, आमच्या घरचा नाही चिकटत.''

''काय?''

''चमचा. आमच्या घरचा चिकटत नाही. मी लावून बघितलाय.''

''बेटा, ऑप्शन सांग. ए, बी, सी, डी.''

तिनं परत तळवे फ्रॉकला पुसले. मग अगदी बारीक आवाजात, ''कोणताच नाही.''

हॉल हसला. फार नाही, थोडाच. पण मी ते हसू ओळखते.

''राँग. पास टू टीम डी.''

टीम डी म्हणजे माझी श्रावणी. तिनं मान खाली घातली, आणि मला ऐकू आलं, ''सी. स्टीलचा चमचा.''

''करेक्ट! टेन पॉइंट्स!''

टाळ्या वाजल्या. ती पोरगी बसली आणि बाकाखाली बघू लागली. तिच्या बाईंनी पर्स उघडली, बंद केली. मला ते बघवलं नाही.

मी उभी कधी राहिले ते मला माहीत नाही. गुडघे एकमेकांवर आपटत होते. ''सर, त्या पोरीचं उत्तर चूक नाही.''

''मॅडम, पालकांनी मधे बोलायचं नाही. तुम्ही त्या टीमच्या का?''

''नाही. ज्यांना दहा मिळाले त्यांच्या.''

आता हॉल चांगलाच हसला. श्रावणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

''मॅडम, निर्णय अंतिम असतो. काही तक्रार असेल तर नंतर लेखी द्या.''

''लेखीही देते. पण त्या पोरीला चूक तोंडी म्हणालात ना, सगळ्यांसमोर? मग हेही सगळ्यांसमोर बघा. दोन मिनिटं लागतील.''

परीक्षकांत एक वयस्कर बाई होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, ''काय आहे तुमच्याकडे?''

मी किल्ल्या घेऊन पुढं गेले. त्यांनी नाश्त्याच्या टेबलावरून एक चमचा मागवला. मी चुंबक लावलं.

टक्क. चिकटला.

काय हसले सगळे! कुणीतरी मागून शिट्टी मारली. माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. परत फिरावं, थेट चाकण गाठावं असं वाटलं. पण हात आपोआप पिशवीत गेला आणि मी माझा जेवणाचा डबा काढला. मायच्या टोपल्यातला शेवटचा. ''आता हा,'' मी बाईंना म्हणाले. ''तुम्हीच लावा. काठाला नको, पोटाला लावा.''

त्यांनी लावलं. सोडलं. चुंबक लाल दोऱ्यावर लोंबत राहिलं. परत लावलं, परत लोंबलं. हॉलमध्ये हसू थांबलं.

''हेही स्टील, तेही स्टील,'' मी म्हणाले. ''चमचा कोणता ते प्रश्नात लिहिलेलं नाही. आणि तिनं लावून बघितलाय म्हणतीये ती. अजून काय करायचं असतं विज्ञानात?''

बाई शेजारच्यांशी काहीतरी बोलल्या. मग माइक मागून घेतला. ''प्रश्न सदोष आहे. रद्द. टीम सी, तुझं निरीक्षण बरोबर होतं बाळा.''

ती पोरगी माझ्याकडं बघून हसली वगैरे नाही. ती अजून घाबरलेलीच होती. पण तिनं मान वर केली, एवढं मी बघितलं.

रद्द म्हणजे श्रावणीचे दहा गेले. त्या दहांनी दुसऱ्या नंबरावर आलेल्या त्या परत चौथ्यावर गेल्या, आणि तिथंच राहिल्या. बक्षीस तिघांनाच होतं.

येताना दोन बस बदलाव्या लागल्या. दोन्ही बसमध्ये ती खिडकीला आणि मी तिच्या पाठीला तोंड करून. सोमवार, मंगळवार, बुधवार ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी दोरी ओढली होती खरी, पण माल माझ्याच पोरीचा होता. कंपनीत हे चालतं, उलट चांगलंच म्हणतात. घरात काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. शेगडीपुढं उभी राहून मी मनातल्या मनात तिची माफी मागायची आणि मग लगेच म्हणायची, नाही, कशाची माफी? परत उठेन. शंभर वेळा उठेन.

गुरुवारी सकाळी सुट्टी म्हणून मी जरा उशिरा उठले. मांडणीपाशी टक, टक असा आवाज येत होता. श्रावणी माझ्या किल्ल्या घेऊन एकेक भांडं खाली काढत होती. डबे, वाट्या, ताटं. चिकटलेली डावीकडं, न चिकटलेली उजवीकडं. मी पडूनच बघत राहिले. 'द्वितीय' कोरलेला पेला हातात आला, तिनं चुंबक काठाला लावलं, मग स्वतःच थांबली आणि पोटाला लावलं. टक्क. ती हसली. मायसारखीच, आधी डोळ्यांनी.

मग गाईड उघडलं. उत्तर खोडलं नाही. बाजूच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं लिहिलं : कोणता चमचा?

''पुढच्या वर्षी मी विचारीन,'' माझ्याकडं न बघताच ती म्हणाली. ''तू उठू नकोस.''

''का गं?''

''तू लई थरथरतेस आई.''